मेंढीच्या ढेकरातला मिथेन आणि खान्देशातला चारा

पांझराकाठ (साक्री तालुका)

मंडळी, राम राम.

मेंढ्या मिथेन सोडतात आणि त्यानं पृथ्वी तापते, असे व्हिडिओ आता वाड्यावरच्या (मेंढपाळांच्या फिरत्या तळावरच्या) पोरांच्या मोबाइलपर्यंत पोचलेत. आमचा कळप पिढीजात आहे. दिवाळी झाली की आमच्यातले काही वाडे नंदुरबार-नवापूरकडून खाली गुजरातेत उतरतात आणि पावसाच्या तोंडावर माघारी येतात. पोरं विचारतात तेव्हा "सगळं खोटं आहे" म्हणून हात झटकणं मला पटत नाही. आणि दिवसभर उन्हात फिरणाऱ्या मेंढपाळाला गुन्हेगार ठरवलेलंही सहन होत नाही. म्हणून वाचून, विचारून जे कळलं ते मांडतो.

आयपीसीसी म्हणजे हवामानबदलावरची राष्ट्रसंघाची समिती. तिच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत आपल्यासारख्या देशांतल्या मेंढीसाठी वर्षाला ५ किलो मिथेन धरलाय. भारतातल्या म्हशीसाठी ५५ किलो. २०१९ च्या पशुगणनेत देशात ७ कोटी ४३ लाख मेंढ्या होत्या आणि म्हशी जवळजवळ ११ कोटी. गुणाकार केला तर देशातल्या सगळ्या मेंढ्यांचा मिथेन म्हशींच्या सोळाव्या हिश्श्याइतका भरतो. आपला वाटा लहान आहे, पण शून्य नाही.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी आकडेमोड. एक किलो मिथेनमध्ये सुमारे ५५ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि एक किलो वाळल्या चाऱ्यात सुमारे १८. म्हणजे एक मेंढी वर्षाला १५ किलो वाळल्या चाऱ्यातली ऊर्जा ढेकरातून उडवून देते. शंभर मेंढ्यांचा कळप असेल तर १५ क्विंटल. वैशाखात १५ क्विंटल कडबा विकत घ्यायचा म्हटलं तर काय पडतं, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

माझं म्हणणं असं की आपल्याला बाहेरची महागडी पावडर नको. बाभळीच्या शेंगा, सरकीची ढेप, हिवर-अंजनाचा पाला, भुईमुगाचा पाला हे सगळं आपल्याकडे आहे. फेब्रुवारी ते जूनमध्ये मेंढीच्या पोटात काय जातं तेवढं सुधारलं, तर मिथेनही घटेल आणि कोकरूही वाचेल. जाणकारांनी बरोबर-चूक सांगावं.

गिरणामाय (चाळीसगाव)

दादा, चांगला धागा. मी पशुआहारशास्त्र शिकले आहे, म्हणून आधी पोटात काय होतं ते सांगते. ते कळलं की पुढचे उपाय आपोआप कळतात.

कोठीपोटात, म्हणजे मेंढीच्या पहिल्या मोठ्या पोटात, जिवाणू, प्रोटोझोआ (एकपेशीय जीव) आणि बुरशी मिळून चारा आंबवतात. त्यातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी आम्लं तयार होतात आणि मेंढी खरं तर त्यांच्यावरच जगते. ॲसिटिक आम्ल तयार होताना हायड्रोजन सुटतो. तो साठत गेला तर आंबवणंच मंदावेल. मग मिथेनोजेन नावाचे सूक्ष्मजीव तो हायड्रोजन घेतात, कार्बन डायऑक्साइडशी जोडतात आणि मिथेन करतात. हा वायू जवळजवळ सगळा तोंडा-नाकावाटेच बाहेर पडतो. मागच्या बाजूनं जाणारा अगदी नगण्य असतो.

आता चाऱ्याचा संबंध बघा. नुसता कडबा आणि वाळलेलं गवत असेल तर ॲसिटिक आम्ल जास्त, हायड्रोजन जास्त आणि मिथेनही जास्त. दाणा असेल तर प्रोपिऑनिक आम्ल जास्त, आणि ते तयार होताना हायड्रोजन उलट वापरला जातो. म्हणून दाण्यावरच्या जनावराचा मिथेन खाल्लेल्या किलोमागे कमी असतो.

तुमच्या १५ क्विंटलच्या हिशेबाला मात्र एक पुस्ती जोडते. मिथेन अडवला म्हणजे ती सगळी ऊर्जा मांसात जाते, असं होत नाही. बऱ्याच प्रयोगांत मिथेन घटला, पण वजनवाढीत त्या मानानं फरक दिसला नाही, कारण अडवलेला हायड्रोजन कधी कधी नुसता वायू म्हणूनच बाहेर जातो. म्हणून "मिथेन अडवा, वजन मिळवा" असं सांगून कोणी पुडी विकत असेल तर विचारपूर्वक घ्या.

तापीचं_पाणी (भुसावळ)

सगळं ठीक आहे, पण हा प्रश्न मेंढपाळाला का विचारायचा? आमच्या शेजारी दीपनगरच्या वीज केंद्रात रोज कोळसा जळतो. जमिनीखाली कोट्यवधी वर्षं गाडलेला कार्बन वर येतो. मेंढीनं खाल्लेलं गवत तर गेल्या पावसाळ्यात हवेतूनच कार्बन घेऊन वाढलेलं असतं. ते ढेकरातून परत गेलं तर नवीन काय झालं?

गिरणामाय

तुमचा मुद्दा अर्ध्याहून जास्त खरा आहे. मिथेन हवेत साधारण १२ वर्षं टिकतो आणि मग त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, जो गवतानं आधीच घेतलेला होता. कळपांची संख्या वर्षानुवर्षं तेवढीच राहिली तर हवेतला त्यांचा मिथेनही साधारण तेवढाच राहतो. कोळशाचं तसं नाही. तो दर वर्षी साठ्यात भरच घालतो.

पण हवेत असेपर्यंत हा वायू फार तापवतो. शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट, आणि वीस वर्षांच्या हिशेबात ८० पटींच्या आसपास. म्हणून तो थोडा जरी घटवला तरी परिणाम लवकर दिसतो. २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत बऱ्याच देशांनी २०३० पर्यंत ३० टक्के मिथेन घटवण्याची प्रतिज्ञा केली ती याच कारणानं. भारत त्यात सामील झाला नाही. लहान शेतकऱ्याच्या दावणीवर हा भार नको, ही आपली भूमिका मला योग्य वाटते. त्याचा अर्थ दावणीवर काही सुधारूच नये असा मात्र होत नाही.

सातपुडा_पायथा (शहादा)

समुद्री शेवाळानं मेंढीचा मिथेन ८० टक्क्यांनी घटला असं वाचलं होतं. ते खरं आहे का? गुजरातचा किनारा आपल्याला काही फार लांब नाही.

पशुवैद्य_धुळे

खरं आहे. ॲस्परागॉप्सिस नावाचं लाल शेवाळ आहे. ऑस्ट्रेलियात मेंढ्यांनाच ७२ दिवस खाऊ घालून बघितलं. सर्वात जास्त मात्रेला मिथेन ८० टक्क्यांपर्यंत घटला. त्यात ब्रोमोफॉर्म असतं, ते मिथेन तयार होण्याची शेवटची पायरीच अडवतं.

अडचणी दोन. पहिली म्हणजे ब्रोमोफॉर्म उडून जातं, म्हणून शेवाळ नीट वाळवून किंवा तेलात मुरवून ठेवावं लागतं. कुठलंही शेवाळ किनाऱ्यावरून उचलून आणलं तर काही उपयोग नाही, उलट मीठ आणि आयोडीन जास्त होऊन अपाय होईल. दुसरी अडचण मोठी आहे. ते रोज, मोजून, खाद्यात मिसळून द्यावं लागतं. थ्री-एनओपी नावाचं औषध युरोपात २०२२ मध्ये दुभत्या गायींसाठी मंजूर झालं, गायींत ते साधारण ३० टक्के मिथेन घटवतं. त्याचीही तीच गत. कोठीपोटात त्याचा असर काही तासच टिकतो, म्हणून प्रत्येक घासासोबत गेलं तर उपयोग. गोठ्यात गव्हाणीवर बांधलेल्या गायीला हे जमतं. सकाळी सोडलेली मेंढी संध्याकाळी वाड्यावर येईपर्यंत दहा ठिकाणी तोंड घालते. तिला हे कसं देणार?

आपल्या देशात बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेनं 'हरित धारा' नावाचं पूरक खाद्य केलंय. त्याचा आधार टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, असलेल्या वनस्पती. मिथेन १७ ते २० टक्के घटतो असं संस्था सांगते. म्हणजे पांझराकाठ दादांनी बाभळीचं नाव काढलं, ते बरोबर दिशेनं आहे.

जिभाऊ_शिंदखेडा

एकदम बरोबर शे भाऊ.

माझं मेंढीपालन नाही, शेती आहे. पण दर वर्षी कापूस वेचून झाला की वाडेवाले येतात, मी वावरात मेंढ्या बसवतो. त्यांच्या लेंडीखतावर पुढचं पीक निघतं. पऱ्हाटीवरचा राहिलेला पाला, फुटकी-किडकी बोंडं मेंढ्या खातात. उन्हाळ्यात बांधावरच्या बाभळीखाली शेंगांचा सडा पडतो आणि मेंढरं तिथून हलत नाहीत. रात्री बसल्या जागी रवंथ करताना त्या शेंगांचं बी बाहेर टाकतात, सकाळी झाडून गोळा करता येतं. त्या बियाची उगवण चांगली होते, हे आमचे वडीलधारे सांगायचे आणि मी लावूनही पाहिलंय.

आता प्रश्न. त्या शेंगेत नेमकं असं काय आहे की मेंढीचा ढेकर कमी होतो?

गिरणामाय

जिभाऊ, तुम्ही विचारलंत त्यात या धाग्याचं सार आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बाभळीची शेंग चावली तर तोंड तुरट होतं. तो तुरटपणा टॅनिनचा. याच गुणामुळे बाभळीची साल चामडं कमवायला वापरतात, कारण टॅनिन प्रथिनाला घट्ट धरतं. कोठीपोटात ते तीन कामं करतं. चाऱ्यातलं थोडं प्रथिन धरून ठेवतं, ते कोठीपोटात वाया न जाता पुढच्या पोटात पचतं. प्रोटोझोआंची संख्या घटवतं, आणि मिथेनोजेनातले बरेचसे प्रोटोझोआंना चिकटून राहत असल्यामुळे त्यांचीही घटते. आणि तंतूचं आंबणं थोडं मंद करतं, त्यामुळे हायड्रोजनच कमी सुटतो.

तिसऱ्या कामात धोका आहे, तो विसरू नका. टॅनिन जास्त झालं तर चारा पचतच नाही, मेंढी खाणं कमी करते, वाळत जाते. मिथेन तेव्हाही घटतो, पण उपाशी जनावराचा मिथेन घटला याला यश म्हणता येत नाही. एकूण आहारात २ ते ४ टक्के टॅनिन फायद्याचं, ५ च्या वर नुकसानीचं, असं ढोबळ मानतात.

बरेलीजवळ इज्जतनगरला भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था आहे. तिथं रिठा, हिरडा, लसूण यांच्यावर पुष्कळ काम झालंय. हिरडा आणि लसूण तर मेंढ्यांना खाऊ घालून मिथेन मोजलाय. हिरडा तुरट, म्हणजे पुन्हा टॅनिनच. रिठ्यात फेस करणारं सॅपोनिन असतं, ते प्रोटोझोआंना मारतं. हे सगळं आपल्या सातपुड्यात आणि घराघरांत ओळखीचं आहे.

सातपुडा_पायथा

लसणाचं निघालंच आहे तर विचारतो. आमच्याकडे भाव पडला की कांदा मेंढ्यांपुढे टाकतात. त्यानं मिथेन घटतो का?

पशुवैद्य_धुळे

त्या कारणासाठी कांदा देऊ नका. कांद्यातल्या गंधकाच्या संयुगांनी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. गायीपेक्षा मेंढीला तो जास्त सोसतो, पण दिवसेंदिवस नुसता कांदाच दिला तर लघवी लालसर होते, जनावर फिकं पडतं आणि दगावतंही. दुसऱ्या चाऱ्यासोबत थोडा, तोही न सडलेला, एवढंच.

केळीबाग (रावेर)

आमच्याकडे केळीची पानं आणि खोडं फुकट जातात. मेंढ्यांना चालतील का?

गिरणामाय

पानं चालतील, त्यातही टॅनिन असतं. खोड म्हणजे जवळजवळ सगळं पाणी. उन्हाळ्यात तहान भागवायला ठीक, पोट भरायला नाही. फवारणी केव्हा झाली ते आधी बघा. हेच पऱ्हाटीलाही लागू.

पांझराकाठ

सरकीबद्दल कोणीच लिहिलं नाही. आपला सगळा पट्टा कापसाचा. शेवटी मेंढीच्या पोटाला आधार ढेपेचाच.

गिरणामाय

हो, त्यावर लिहायचंच होतं. आहारात तेल वाढलं की मिथेन घटतो. ढोबळ हिशेब असा की एकूण वाळल्या आहारात तेलाचा अंश एक टक्क्यानं वाढला तर मिथेन ४ टक्क्यांच्या आसपास कमी. तेल स्वतः कोठीपोटात आंबत नाही, प्रोटोझोआंना मारक ठरतं आणि तंतूचं पचनही थोडं मंदावतं. एकूण तेल ६-७ टक्क्यांवर गेलं तर मात्र भूकच मरते. आख्ख्या सरकीत १८-२० टक्के तेल असतं, ढेपेत त्याहून बरंच कमी. म्हणजे तेलासाठी सरकी, प्रथिनासाठी ढेप.

सरकीत गॉसिपॉल नावाचं विष असतं. मोठ्या मेंढीचं कोठीपोट ते बांधून टाकतं, कोकराचं अजून तयार झालेलं नसतं. दूध पिणाऱ्या आणि नुकत्या सुटलेल्या कोकरांना सरकी देऊ नका.

पशुवैद्य_धुळे

ताईंनी वर दाण्यानं मिथेन घटतो असं लिहिलंय. शास्त्र बरोबर आहे, पण हे वाचून कोणी मेंढ्यांपुढे मका ओतू नये म्हणून लिहितो. मक्याच्या वावरात सोडलेला कळप पडलेल्या कणसांवर तुटून पडतो आणि दुसऱ्या दिवशी दोन-चार मेंढ्या आडव्या, हे मी दर हंगामात बघतो. दाणा एकदम गेला की कोठीपोटात आम्ल वाढतं, मेंढी सुस्त होते, जुलाब लागतात. आंत्रविषार (आतड्यात जंतूंचं विष होण्याचा रोग) झाला तर कोकरू काही तासांतच जातं. कुठलाही नवा चारा दहा-पंधरा दिवसांत हळूहळू वाढवा. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी टोचून घ्या.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. चारा सुधारला की मेंढी जास्त खाते, म्हणजे दिवसाचा तिचा मिथेन कदाचित थोडा वाढेलही. घटतो तो किलो मांसामागचा. उदाहरणादाखल आकडे धरतो. शंभर माद्या, वर्षाला ५०० किलो मिथेन. त्यांची ७० कोकरं जगून विकली गेली तर कोकरामागे ७.१ किलो. ८५ जगली तर ५.९ किलो. म्हणजे १७ टक्क्यांहून जास्त घट, 'हरित धारा' देते जवळजवळ तेवढीच, आणि ती फक्त गाभण मेंढीला शेवटच्या दीड महिन्यात ढेप आणि चाटण वीट (चाटायला ठेवलेली क्षारांची वीट) दिल्यानं, जंताचं औषध वेळेवर पाजल्यानं, लस टोचल्यानं. मेलेल्या कोकराच्या आईनं वर्षभर सोडलेला मिथेन कोणाच्याच ताटात जात नाही.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनच्या गॅरोल मेंढीतला जुळ्यांचा जनुक आपल्या दख्खनीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. तिच्याकडे मी याच नजरेनं बघतो. अर्थात जुळी पोसायला आईच्या पोटात चारा लागतो. फिरत्या कळपात तो नसेल तर जुळी देऊन उपयोग नाही.

तापीचं_पाणी

डॉक्टर साहेब, हे पटलं. मग मागणीही तशीच करायला हवी. मेंढपाळाला पुड्या नकोत, त्याला चराईला जागा आणि मुक्कामाच्या गावी लस मिळायला हवी.

पांझराकाठ

+१. आणि झाडं. बाभूळ, हिवर, बोर तोडून बांध साफ करण्याची चाल वाढलीय. विहिरीजवळ, रस्त्याकडेला सगळीकडे विलायती बाभूळ माजलीय, देशी कमी झालीय. रोपवन लागलं की चराई बंद होते, आणि लावलेल्या झाडांत चाऱ्याचं झाड क्वचितच असतं. अंजन तर आपल्या भागातलंच झाड. उन्हाळ्यात त्याचा पाला म्हणजे मेंढीला केवढा आधार. गावाच्या गायरानात पाच-पन्नास अंजन आणि हिवर लागले, तर पुढच्या पिढीच्या मेंढीचा उन्हाळा वेगळा असेल. वनीकरणाची योजना आखणाऱ्यांनी मेंढपाळाला एकदा तरी विचारावं की कुठलं झाड लावू.

जिभाऊ_शिंदखेडा

बांधावरची बाभूळ मी तोडणार नाही, हा शब्द देतो. वाडेवाले आले की शेंगा त्यांच्याच मेंढ्यांच्या.

एक सांगा, शेंगा तशाच खाऊ द्याव्या की कुटून?

पशुवैद्य_धुळे

कुटून द्या. आख्खं बी टणक असतं, बरंचसं न पचता बाहेर पडतं. प्रथिन बियातच जास्त असतं, ते कुटल्यावर मिळतं. कुटलेल्या शेंगा कडबा कुट्टीत किंवा भुईमुगाच्या पाल्यात मिसळा, एकूण चाऱ्याच्या पाव हिश्श्यापुढे नेऊ नका. पाणी मुबलक ठेवा. लेंडी फार कडक होऊ लागली किंवा मेंढी चारा सोडू लागली तर प्रमाण कमी करा. बुरशी लागलेल्या शेंगा फेकून द्या. टॅनिनमुळे रक्त पिणाऱ्या जंतांचाही थोडा बंदोबस्त होतो, पण जबड्याखाली सूज दिसली तर शेंगांच्या भरवशावर थांबू नका, औषध पाजा.

कडब्यावर युरिया प्रक्रिया करता येते, तेही लिहून ठेवतो. १०० किलो कुट्टीला ४ किलो युरिया, साधारण ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडायचा, दाबून तीन आठवडे हवाबंद झाकायचं. उघडल्यावर वास उडू द्यायचा, मग मोठ्या मेंढ्यांनाच द्यायचं. न विरघळलेला युरिया पोटात गेला तर विषबाधा होते, म्हणून हे काम पोरांवर सोपवू नका.

सातपुडा_पायथा

शेवटचं विचारतो. मिथेन घटला की नाही हे आपल्याला कळणार कसं? आपल्याकडे काही यंत्र नाही.

गिरणामाय

यंत्रं संशोधन संस्थांत असतात. मेंढीला बंद खोलीत ठेवून आत-बाहेरची हवा मोजतात. न्यूझीलंडनं तर अशा मोजणीवरून कमी मिथेन सोडणाऱ्या मेंढ्यांची वेगळी पैदास केलीय. आपल्याला वाड्यावर ते जमणार नाही, पण कोकराचं वजन, विक्रीचं वय आणि मरतूक या तीन गोष्टी लिहून ठेवता येतात. डॉक्टरांनी मांडलेला हिशेब त्यांवरूनच निघतो.

पांझराकाठ

येत्या उन्हाळ्यात करून बघणार आहे. निम्म्या गाभण मेंढ्यांना नेहमीचा चारा, निम्म्यांना कुटलेल्या शेंगा आणि ढेप. चराई दोघींची एकच. ताई, वाटणी करताना काय बघू?

गिरणामाय

वय, अंगलट आणि कितवं वेत हे बघून जोड्या लावा आणि प्रत्येक जोडीतली एक इकडे, एक तिकडे टाका. धष्टपुष्ट एका बाजूला गेल्या तर सगळा हिशेब फसेल. कानाला दोन रंगांचे बिल्ले लावा. कोकरांचं वजन जन्मल्या दिवशी, मग दर महिन्याला, आणि प्रत्येक वेळी सकाळी चरायला सोडायच्या आधी घ्या. चरून आल्यावर तोललं तर पोटातला चारा आणि पाणीच वजनात मोजलं जातं.